लाइन पूर्ण होती

आमच्या शाळेला रॅम्प आहे. हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कुणी नुसतं ‘रॅम्प’ म्हटलं तरी माझं डोकं सणकतं. तालुक्याचे साहेब आले की त्यांना आधी रॅम्प दाखवतात. बैठकीत मी तोंड उघडलं की मुख्याध्यापक लगेच, “वहिनी, आपण रॅम्प केलाय की!” केलाय ना. फाटकापासून व्हरांड्यापर्यंत केलाय. तिथून पुढं जिना आहे, आणि माझ्या मुलीचा वर्ग वरच्या मजल्यावर. पावसाळ्यात हेच सर त्या रॅम्पवरून आपली मोटरसायकल व्हरांड्यात चढवतात. खिचडीचा सिलिंडर त्याच्यावरून लोळवत नेतात. रॅम्प वाया गेला असं काही म्हणता यायचं नाही.

मुलगी सातवीत होती तेव्हाची ही गोष्ट. फार जुनी नाही, गेल्याच सालची. ती जन्मली तेव्हा लवकर रडली नाही, त्यातून हे सगळं झालं. तिचे पाय एकमेकांत अडकतात, डावा हात आखडून छातीशी असतो, आणि बोलते फार सावकाश, एकेक शब्द ओढून आणावा लागतो तिला. डोकं मात्र झकास. खानावळीतली गिऱ्हाइकं हिशेबात माझ्याशी हुज्जत घालतात आणि ही कोपऱ्यातून बरोबर आकडा सांगते. पण तिचं ऐकायला माणसाला दम लागतो, आणि तो दम फार थोड्यांकडं असतो. ती एक शब्द बोलते न बोलते तोच समोरचा तिचं वाक्य पुरं करून मोकळा होतो, आणि बहुतेकदा चुकीचं करतो. मग ती वैतागून मान हलवते. समोरच्याला वाटतं, हो म्हणाली.

माझी खानावळ खालापूर आणि चौक गावाच्या मध्ये, जुन्या हायवेला लागून. कंपन्यांतली पोरं जेवायला येतात, शाळेतल्या मास्तरांचे डबे जातात. नवऱ्याचा टेंपो आहे. कर्जत, पळसदरीच्या फार्महाऊसवाल्यांचं सामान तो पोचवतो. सकाळी तो तिला पाठुंगळी घेऊन जिना चढायचा, वर खिडकीजवळच्या बाकावर बसवायचा आणि टेंपो काढायचा. मधल्या सुट्टीत मी जायची, कारण संडास-मुतारी खाली. मी तिला पाठीवर घेऊन खाली आणायची, पुन्हा वर न्यायची. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकांच्या गर्दीत मला जायला उशीर झाला तर पंचाईत नको म्हणून ती सकाळपासून पाणीच प्यायची नाही. तिनं हे मला कधी सांगितलं नाही. बाटली भरलेली जायची आणि भरलेली परत यायची, त्यावरून मला कळलं. मी सरांना सांगितलं, सातवीचा वर्ग खाली आणा. ते म्हणाले, “बघू.” त्यांचं ‘बघू’ सहावीपासून चालू होतं.

चाकाची खुर्ची मिळाली होती आम्हाला. नाही कशी! कर्जतला मोठा मांडव घालून कार्यक्रम केला होता. पाहुणे आले, भाषणं झाली, आमच्या मुलांना उन्हात ताटकळत बसवलं आणि मग एकेकाला खुर्चीत बसवून फोटो. माझ्या मुलीची खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची. ती त्यात घसरत खाली यायची आणि पाहुणे हसून तिच्या डोक्यावर हात ठेवून कॅमेऱ्याकडं बघत होते. ती खुर्ची आम्ही शाळेला दिली. वर चढवता येईना, म्हणून ती जिन्याखाली झाडू आणि फिनेलच्या कॅनशेजारी उभी असायची.

एक विशेष शिक्षिका येते, सरकारकडून. पोरगीच आहे, कंत्राटावर. स्कूटीवरून सगळा तालुका हिंडते, त्यामुळं आमच्याकडं महिन्यातून एखाद-दुसरी खेप. आली की मात्र मन लावून करते. मुलीच्या हाताचे व्यायाम घेते, जाड पेन्सिल कशी धरायची ते शिकवते, आणि मुख्य म्हणजे तिचं बोलणं संपेपर्यंत थांबते. मी तिला ताई म्हणते. तिच्यावर माझा राग नाही. एका माणसाला इतक्या शाळा देऊन वर ‘आम्ही सेवा पुरवतो’ असं लिहिणाऱ्यांवर आहे.

आता एक रीत सांगते. शाळेत काही असलं, साहेबांची तपासणी, गॅदरिंग, सहल, की आदल्या दिवशी वर्गाच्या बाईंचा फोन यायचा. गोड आवाजात. “उद्या तिला आराम द्या हं.” पहिल्यांदा मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, बाईंना काळजी आहे. मग माझ्या ध्यानात आलं की ज्या दिवशी शाळेत कुणी बघायला येतं त्याच दिवशी माझी पोर दमलेली असते.

आमच्याकडं कंपन्या पुष्कळ. हायवेवरून रात्रंदिवस टँकर. त्यामुळं शाळेत सराव होतो, धोक्याची घंटा झाली की मुलांनी कसं बाहेर पडायचं त्याचा. तालुक्याची माणसं बघायला येतात, फोटो काढतात. त्याही दिवशी फोन यायचाच. “उद्या धावपळ आहे, तिला आराम द्या.” म्हणजे सगळी शाळा बाहेर पडायचं शिकली. जिला बाहेर कसं काढायचं ते शिकायची गरज होती ती त्या दिवशी माझ्या खानावळीत वाटाणे सोलत होती.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली होती. मी भाकऱ्या टाकत होते. बाहेर एकदम कर्कश ब्रेक आणि लोकांची ओरड. वळणावर एक टँकर गटारात कलंडला होता आणि मागून पांढरा धूर निघत होता. आंबट, घशाला ओरबाडणारा वास. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. जेवायला बसलेली पोरं ताटं सोडून उठली. कुणीतरी ओरडलं, “वारा शाळेकडं हाय!” तवा तसाच ठेवून मी गॅस बंद केला, पदर पाण्यात बुचकळून तोंडाला बांधला आणि पळत सुटले.

शाळेची घंटा थांबतच नव्हती. मुलं पार मागच्या भिंतीला, मैदानाच्या टोकाला उभी होती, ओळीनं, नाकाला रुमाल लावून. खोटं कशाला बोलू, काम व्यवस्थित झालं होतं. कुणी रडत नव्हतं, कुणी चेंगरलं नव्हतं. मला पण क्षणभर हायसं वाटलं. सातवीची लाइन शोधली. बाई पुढं उभ्या होत्या.

“माझी कुठाय?”

“सगळी आलीत, वहिनी. लाइन पूर्ण आहे.”

“आवो पण माझी कुठाय?”

बाईंनी लाइनीकडं बघितलं. पुन्हा बघितलं. आणि त्यांचा चेहरा उतरला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही.

लाइन खरंच पूर्ण होती. हे कसं झालं ते मला नंतर समजलं, आणि समजल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली. मुलांना शिकवलं होतं की घंटा झाली की परिपाठाला उभे राहता तसेच उभे राहा आणि आपला पुढचा नि आपला मागचा आलाय का बघा. चांगली युक्ती आहे. गोंधळात नावं पुकारत बसण्यापेक्षा लवकर होतं. प्रत्येकानं पुढं बघितलं, मागं बघितलं. सगळे जागच्या जागी. माझी मुलगी कुणाच्या पुढं नव्हती की कुणाच्या मागं नव्हती. परिपाठ मैदानावर होतो आणि तिला रोज खाली कोण आणणार, म्हणून चौथीपासून, वर्ग वर गेला तेव्हापासून, ती परिपाठाला वरच बसायची. प्रार्थना वरून ऐकायची. सगळी शाळा रोज सकाळी तिच्याशिवाय पूर्ण व्हायची. मग त्या दिवशी ती नाही हे कळणार कुणाला?

मी जिना कसा चढले देव जाणे. वर्गात ती आपल्या बाकावर बसली होती. खिडकी सताड उघडी, डोळे लाल, गालांवरून पाणी ओघळत होतं, खोकत होती. आणि पुढ्यात वही घेऊन फळ्यावरची गणितं उतरवत होती. मला बघून म्हणाली, “आई... डोळे... चुरचुरतात गं.”

पदर सोडून तिच्या तोंडाला बांधला आणि तिला पाठीवर घेतलं. मी रोज उतरते तो जिना, पण त्या दिवशी पायऱ्या दिसत नव्हत्या. मध्यावर मागून कुणीतरी तिचे पाय धरले. खिचडी शिजवणाऱ्या मावशी होत्या. “मी हाय गं, चल तू,” एवढंच म्हणाल्या. त्या एकट्या आल्या वर. बाकीचे सगळे शिकले-सवरलेले मैदानावर उभे राहून आमच्याकडं बघत होते.

आम्ही मागच्या भिंतीपाशी पोचलो तेव्हा मुख्याध्यापक धावत आले. घाम पुसत म्हणाले, “मिळाली ना? चला, सगळं ठीक झालं.”

“मिळाली?” मी म्हटलं. “हरवली होती काय? तुमी बसवली तितंच बसली होती ती!”

मी रागावले की माझी भाषा बदलते, ती अशी. मग पुढचं मी काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सगळ्या मुलांसमोर बोलले. नवरा नंतर म्हणाला, पोरांपुढं तरी जरा जपून बोलायचं. म्हटलं, पोरांना कळू दे.

टँकर पुढं क्रेननं उचलला, धूर विरला, कुणाला मोठं काही झालं नाही. दवाखान्यात माझ्या मुलीचे डोळे धुतले. खोकला मात्र बरेच दिवस राहिला. घरी येऊन मोबाइल बघते तर शाळेच्या ग्रुपवर मैदानातल्या लाइनींचा फोटो आणि खाली मजकूर: शिक्षकांच्या प्रसंगावधानामुळे सर्व विद्यार्थी सुरक्षित बाहेर. त्याच्याखाली हात जोडलेले, अंगठे, फुलं, टाळ्या. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी लिहिलं, ‘सर्व? माझी कुणी आणली?’ थोड्या वेळानं कुणीतरी सुविचार टाकला.

दुसऱ्या दिवशी डबे भरताना नवऱ्यानं विचारलं, “सरांचा डबा नाही भरलास?”

“सरांना आज आराम द्या म्हणावं.”

तो हसला. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच घुमत होतं. ही ओरडली का नाही? आवाज लहान आहे तिचा, पण खिडकी उघडी होती. हाक मारली असती तर खाली कुणाला तरी ऐकू गेली असती. रात्री तिला जवळ घेऊन विचारलं, “अगं, हाक तरी मारायचीस!” ती भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. मी पुन्हा विचारलं तर नवरा म्हणाला, “राहू दे गं. सांगेल तिची ती.”

आठवडाभरात व्यवस्थापन समितीची बैठक लागली. विषय: विद्यार्थी सुरक्षितता. मला वाटलं, आता तरी डोळे उघडले. घरी कुणी नव्हतं म्हणून मुलीला घेऊनच गेले. तिसरीच्या वर्गात, त्या चिमुकल्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. समितीचे अध्यक्ष, गावातलेच, वीटभट्टीवाले. बाई कोपऱ्यात. ताईलाही बोलावलं होतं. मी मुलीला मांडीवर घेऊन पहिल्या बाकावर बसले.

सरांनी घसा साफ केला. झाला प्रकार दुर्दैवी होता, असं म्हणाले. प्रकार! मग म्हणाले, शाळा हायवेला आहे, पुन्हा असं होऊ शकतं, आणि तिच्या जिवाची जबाबदारी आपल्यावर आहे. म्हणून त्यांनी खूप विचार केला. ज्या मुलांना शाळेत येता येत नाही त्यांना घरी जाऊन शिकवायची सरकारची सोय आहे. नाव शाळेत राहील, परीक्षा होईल, पुढच्या वर्गात जाईल. ताई घरी येतील. “तिच्या सुरक्षिततेसाठीच, वहिनी. तिच्या भल्यासाठी.”

म्हणजे धोक्यात पोरगी नव्हती, धोका पोरगीच होती. ती गेली की शाळा सुरक्षित.

ताई उठून उभी राहिली. नोकरी कंत्राटी आहे बिचारीची, तरीही. म्हणाली, “सर, ती सोय मुलाला शाळेत येणं शक्यच नसेल तर. ही रोज येते. आणि मी घरी येऊन येऊन महिन्यातून किती येणार?” सर म्हणाले, “ते तुमच्या वरिष्ठांशी बोलू.” ती बसली.

मी म्हटलं, “सर, वर्ग खाली आणा. एवढंच काम हाय. कॉम्प्युटरची खोली खाली रिकामी पडलीय.”

“रिकामी कशी? कॉम्प्युटर आहेत तिथे. वायरिंग आहे, जाळी बसवलीय.”

“चालू हायत काय ते कॉम्प्युटर?”

“तो वेगळा विषय आहे.”

अध्यक्ष मध्ये पडले. “अगं पण एका पोरीपायी आख्खा वर्ग खाली आणायचा? उद्या दुसरा कोन उठंल नि म्हनंल माझ्या पोराला पंख्याखाली बसवा.”

“दादा, पंख्याचं नाय हे. जिवाचं हाय.”

“म्हनून तर सर घरी शिकवा म्हनतायत ना!”

राग एवढा झाला की दातखीळ बसली. आणि सरांना तेच हवं होतं. ते खाली वाकले, मुलीच्या तोंडाजवळ तोंड नेलं आणि लहान बाळाशी बोलतात तसं म्हणाले, “काय गं बाळा, घरी शिकायला आवडेल ना तुला? मस्त घरीच अभ्यास!”

तिनं तोंड उघडलं. “त्या... दिवशी...”

“हो हो, त्या दिवशी घाबरलीस ना तू,” सर म्हणाले.

तिनं वैतागून मान हलवली. सरांनी सगळ्यांकडं बघितलं, बघा, ती पण हो म्हणते.

“थांबा,” मी ओरडले. “कुणी बोलायचं नाय. तिचं संपू द्या.”

ती बोलली. किती वेळ लागला असेल, मला माहीत नाही. बाहेर खेळणाऱ्या पोरांचा आवाज येत होता.

“त्या दिवशी... घंटा झाली. घंटा... रोज होते. परिपाठाची होते... खेळाची होते. बाई म्हणतात... तू बस गं. मी... बसते.” तिनं श्वास घेतला. “मला वाटलं... ही पण... माझी नाय.”

माझ्या मांडीवर होती ती. इतके दिवस मी तिला विचारत होते, ओरडली का नाहीस. तिला ओरडण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं. सगळी गेली, ती बसली. रोजच्यासारखं. खाली जीव वाचवायला पळतायत तेसुद्धा आपल्यासाठी नाही, हे आम्ही तिला इतक्या नीट शिकवून ठेवलं होतं.

“आणि घरी...” ती अजून बोलत होती. “घरी तर... घंटाच नाय. वर्ग... नाय. मी... येणार.”

बाईंनी तोंडावर हात ठेवला. अध्यक्ष खाली बघत म्हणाले, “पोरगी हुशार हाय बाकी.” आणि सर, धन्य आहे बाबा त्यांची, सरळ उभे राहिले, कागद नीट केले आणि म्हणाले, “भावना आपल्या सगळ्यांनाच आहेत. पण खोलीत बदल करायचा तर वरून परवानगी लागेल. बघू.”

तेव्हा माझी दातखीळ सुटली. म्हटलं, “बघा तुमी. उद्यापास्नं माझी पोर जिना चढायची नाय. आन घरी पन बसायची नाय. आता काय करायचं ते मी करते.”

सकाळी नवऱ्यानं जिन्याखालची खुर्ची बाहेर काढली, फिनेलचे डाग पुसले. मुलगी घसरू नये म्हणून पाठीशी आणि बगलेत जुनी गोधडी घडी करून खोचली. खुर्ची व्हरांड्यात लावली, बरोबर ऑफिसच्या दारासमोर, सरांच्या मोटरसायकलच्या जागेवर. मी शेजारी बसकण मारली आणि पिशवीतून मेथीच्या जुड्या काढल्या.

सर आले. “वहिनी, हे काय?”

“शाळा.”

“आणि ही भाजी?”

“माझा धंदा बंद ठेवू काय? सत्तर माणसं जेवायची हायत.”

किती दिवस बसलो, मोजले नाहीत. मेथी झाली, गवार झाली, पावटे झाले. शाळेत येणाऱ्या प्रत्येकाला आम्हाला वळसा घालून ऑफिसात जावं लागायचं. कुणी विचारायचं, इथं का बसवलंय हिला? मी म्हणायची, सरांना विचारा. वर सातवीचा धडा चालायचा आणि वाऱ्यावर अर्धामुर्धा खाली यायचा. ती मान वर करून ऐकायची. मधल्या सुट्टीत तिच्या वर्गातल्या मुली खाली येऊन सकाळपासून काय झालं ते तिला सांगायच्या, एकीचं दुसरीशी जुळायचं नाही. ताईची खेप होती त्या दिवशी ती वर गेलीच नाही. जमिनीवर मांडी घालून तिथंच शिकवलं आणि जाताना हळूच म्हणाली, “मी लिहून पाठवलंय वर. तुम्ही उठू नका.” गावातले काही म्हणाले, खानावळवालीला चढलंय. म्हटलं, चढलंयच.

मग एका सकाळी जिन्यावर गलका झाला. बाई खाली येत होत्या, हातात खडू आणि डस्टर, आणि मागं सगळा सातवीचा वर्ग, दप्तरं घेऊन. व्हरांड्यात मुलं दाटीवाटीनं बसली. एकाचं दप्तर माझ्या भाजीत पडलं. सर ऑफिसातून बाहेर आले, “अहो बाई, हे काय चाललंय?”

बाई म्हणाल्या, “सातवीचा वर्ग, सर. जी जागा द्याल तिथे नेईन. वर नेणार नाही.”

मग माझ्याजवळ वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये असं म्हणाल्या, “त्या दिवशी मी मोजलं नाही हो. नुसती लाइन बघितली. मला झोप येत नाही.”

“मला पन येत नाय,” मी म्हटलं. त्याहून जास्त मी त्यांना देऊ शकले नाही. बाई त्या दिवशी खाली आल्या, ते मी विसरणार नाही. पण त्यांच्यावरचा माझा राग गेलाय असं कुणी समजू नये.

व्हरांड्यात वर्ग भरल्यावर कुणाला ऑफिसात जाता येईना नि कुणाला बाहेर येता येईना. परवानगी मग लवकर आली. कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप उघडलं तर आत प्लास्टिकखाली झाकलेली यंत्रं आणि उंदरांच्या लेंड्या. चार पालकांनी नि माझ्या नवऱ्यानं एका सकाळीत ती वर नेऊन ठेवली. ज्याच्यासाठी दीड वर्ष ‘बघू’ चाललं होतं, ते काम जेवायच्या आधी संपलं.

पुढच्या सोमवारी मी फाटकाशी उभी राहून बघत होते. परिपाठाची घंटा झाली. सगळी मुलं पळाली. ती दाराशीच होती, पण हलली नाही. सवय. दोन मुली अर्ध्यातून परत आल्या. “अगं चल की, घंटा झाली ना!” त्यांनी खुर्ची ढकलत मैदानात आणली.

सातवीची लाइन लागून गेली होती. हजेरीपटाप्रमाणं तिची जागा वरून चौथी. तिथं एक मुलगी आणि तिच्या पाठीला लागून दुसरी, मध्ये वीतभर जागा नाही. सगळी लाइन तिच्याकडं बघायला लागली. मी फाटकाचा गज घट्ट धरला. बाई म्हणाल्या, “चौथ्या नंबरापासून सगळे मागे सरका.”

सगळे सरकले. जास्त नाही, एकेक पाऊल. शेवटच्या पोराची पाठ भिंतीलाही टेकली नाही. ती मध्ये आली, मागच्या मुलीनं तिच्या खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवला आणि प्रार्थना सुरू झाली. शेजारी उभ्या मावशी म्हणाल्या, “झालं बाय तुझ्या मनासारखं, आता तरी हस.” मला हसूही येईना आणि रडूही येईना. तोंडात शिवी आली होती, ती मी गिळली. एक पाऊल मागं सरकायचं होतं त्यांना, फक्त एक पाऊल, आणि त्यासाठी आधी माझ्या पोरीला त्या धुरात एकटीनं गणितं उतरवत बसावं लागलं.